कॉटन क्लबचा टी-शर्ट

गेल्या महिन्यात नातू अमेरिकेहून आला. तिकडे शिकतो. येताना माझ्यासाठी एक टी-शर्ट घेऊन आला. काळा रंग, त्यावर सोनेरी अक्षरांत 'कॉटन क्लब, हार्लेम, न्यूयॉर्क' आणि खाली ट्रंपेटचं चित्र. त्र्याहत्तराव्या वर्षी टी-शर्ट घालायची हौस नाही, पण पोरानं प्रेमानं आणलाय म्हणून सकाळी फिरायला जाताना घातला. कट्ट्यावर एकानं विचारलं, "काय मास्तर, कापूस खरेदी संघात लागलात का?" सगळे हसले, मीही हसलो. पण हा क्लब म्हणजे नक्की काय, ते मलाही सांगता येईना. पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसानं छातीवर काय लिहिलंय हे न कळता गावभर हिंडावं, हे काही बरं नाही. घरी येऊन वाचायला बसलो.

हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथे लेनॉक्स अव्हेन्यू आणि १४२वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर १९२० साली जॅक जॉन्सननं एक क्लब काढला. हा जॉन्सन म्हणजे हेवीवेट मुष्टियुद्धातला पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. १९२३ मध्ये ती जागा ओनी मॅडन नावाच्या गोऱ्या गुंडानं घेतली. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि मॅडनला आपली बिअर खपवायला ठिकाण हवं होतं. त्यानं नाव ठेवलं कॉटन क्लब. आणि नियम असा केला, की रंगमंचावर कलाकार काळे, पण टेबलांशी बसणारी गिऱ्हाइकं फक्त गोरी. काळ्या माणसाच्या वस्तीत, काळ्या माणसानं सुरू केलेल्या जागेत, काळ्या माणसालाच दार बंद!

आतली सजावट तर वाचूनच अंगावर काटा आला. वाद्यवृंदाच्या मंचाला दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या वाड्यासारखे पांढरे खांब, मागच्या पडद्यावर गुलामांच्या खोपटांचं चित्र. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तो कापूस वेचला, त्यांनी त्या देखाव्यापुढे नाचायचं. नाचणाऱ्या मुलींसाठीही अटी होत्या. उंची किमान साडेपाच फूट, वय एकविसाच्या आत आणि रंग उजळ. आपल्याकडच्या 'वधू पाहिजे'च्या जाहिराती आठवल्या. असो.

मी वर्गात अमेरिकेचं यादवी युद्ध शिकवायचो. १८६१ ते १८६५. शेवटी फळ्यावर 'गुलामगिरी संपली' असं लिहून खाली रेघ ओढायचो आणि पुढचा धडा घ्यायचो. कॉटन क्लब त्या रेघेनंतर अठ्ठावन्न वर्षांनी उघडला. हे मला निवृत्त झाल्यावर, एका टी-शर्टामुळे कळलं. किती वर्गांपुढे ती रेघ ओढली असेल, कोण जाणे.

संध्याकाळी नातवाला हे सगळं सांगितलं. जरा रागानंच सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "पण आजोबा, ड्यूक एलिंग्टन तिथेच मोठा झाला ना?"

तेही खरंच आहे. एलिंग्टन डिसेंबर १९२७ मध्ये तिथे आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याआधी हे काम किंग ऑलिव्हर या नावाजलेल्या वादकाला देऊ केलं होतं, पैसे कमी वाटले म्हणून तो नाही म्हणाला. एलिंग्टन १९३१ पर्यंत राहिला. रोजचा कार्यक्रम, पक्का वाद्यवृंद आणि रेडिओवरून देशभर प्रक्षेपण. जिथे काळ्या माणसाला प्रवेश नव्हता, तिथलं त्याचं संगीत घराघरांत पोचलं. मालकांना 'जंगली' नाच हवे होते. एलिंग्टनच्या ट्रंपेटवाल्यांनी त्यासाठी गुरगुरणारे स्वर काढले आणि त्याच स्वरांतून त्यानं स्वतःची शैली घडवली. 'मूड इंडिगो' ही त्याची प्रसिद्ध रचना त्याच काळातली, १९३० ची. त्याच्यानंतर कॅब कॅलोवे आला. लीना हॉर्न १९३३ मध्ये तिथे नाचायला लागली तेव्हा सोळा वर्षांची होती. त्याच वर्षी ईथेल वॉटर्सचं गाणं तिथे गाजलं.

आपल्याकडे फडावरच्या लावणीला शिट्ट्या मारणारे त्याच बाईला घराच्या ओसरीवर बसू देत नसत. ती लावणी खोटी होती असं मात्र कोणी म्हणू नये. नातवाला हेच सांगितलं, आणि माझा राग थोडा निवळला. सगळा नाही.

१९३५ च्या हार्लेममधल्या दंगलीनंतर गोरं गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. १९३६ मध्ये क्लब ब्रॉडवेकडे हलला आणि १९४० मध्ये बंद पडला.

त्याच लेनॉक्स अव्हेन्यूवर, अगदी जवळच, १९२६ मध्ये सव्हॉय बॉलरूम सुरू झालं होतं. तिथे काळे-गोरे एकाच फरशीवर एकत्र नाचायचे. म्हणजे त्या काळी दुसरं काही शक्यच नव्हतं, असंही म्हणता येत नाही. दोन्ही जागा पुढे पाडल्या आणि तिथे राहत्या इमारती उभ्या राहिल्या. नातवाला म्हटलं, "अरे, सव्हॉयचा टी-शर्ट मिळतो का बघ." तो म्हणाला, "बघतो. साइज लार्जच ना?"

काळा टी-शर्ट धुऊन दोरीवर टाकलाय. उद्या पुन्हा घालणार आहे. कापूस खरेदी संघाचं उत्तर कट्ट्यावर द्यायचं राहिलंय.