चाँद कुणी पाहिला? ‘छ’ ते व्हॉट्सॲप, एका बातमीचा प्रवास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. मागे जळगाव रोडच्या ट्रकांचा आवाज होता, तो एवढा इथे नाही.

आजचा विषय म्हणजे एक प्रश्न आहे. रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला की आमच्या हर्सूलमध्ये गच्चीगच्चीवर तो ऐकू येतो. “चाँद दिसला का?” हो म्हटलं तर उद्या ईद, नाही म्हटलं तर आणखी एक रोजा. शिरखुर्म्याचं दूध आज घ्यायचं की उद्या, इथपासून कामावरच्या सुट्टीपर्यंत सगळं या उत्तरावर अडलेलं असतं. आणि गंमत म्हणजे, बरेच लोक हल्ली पश्चिमेकडे न बघता फोनकडे बघतात. चाँदची बातमी माणसापर्यंत पोचायची कशी, आणि तिच्यावर विश्वास कधी ठेवायचा, हा प्रश्न मात्र फोनपेक्षा खूप जुना आहे. आज त्याचाच इतिहास.

आधी थोडं गणित. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. म्हणून हिजरी महिना कधी २९ दिवसांचा, कधी ३० दिवसांचा. बारा महिन्यांचे झाले ३५४ दिवस. आपल्या पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण आपण मध्येच अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतो. हिजरी वर्षात अधिक महिना नाही. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते.

आता तुम्ही म्हणाल, हे हिजरी महिने म्हणजे आपल्याला परके. अजिबात नाही! जुनी मोडी कागदपत्रं बघा. पेशवाईतल्या पत्रांवर तारीख असते ‘छ ५ रमजान’ किंवा ‘छ १२ जिल्हेज’ अशी. तो ‘छ’ म्हणजे चंद्राची तारीख. रबिलावल, जमादिलाखर, साबान, सवाल ही अरबी महिन्यांची मराठी रूपं कारकुनांच्या बोटांत बसलेली होती. सोबत शुहूर सन असायचा. त्याचं वर्ष सूर्याचं, मृग नक्षत्राला सुरू होणारं, म्हणून त्याला ‘मृगसाल’ही म्हणत. वर्षाचा आकडा मात्र अरबी शब्दांत लिहायचा. शिवकाळातल्या पत्रांतही हा सन दिसतो. म्हणजे पेरणी आणि वसुली मृगाच्या हिशेबाने आणि पत्रावरची तारीख चंद्राची, असा व्यवहार मराठीत निवांत चालू होता.

पण महिना लागला हे ठरवायचं कुणी? इथे इस्लामी कायद्यात एक फरक आहे, तो नीट लक्षात ठेवा. एक असते ‘खबर’, म्हणजे बातमी. दुसरी ‘शहादत’, म्हणजे साक्ष. मराठवाड्यात बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेचे. त्या परंपरेत ढगाळ आभाळ असेल, तर रमजान सुरू करायला एका भरवशाच्या माणसाने चाँद पाहिल्याचं सांगितलं तरी चालतं. ईदसाठी मात्र दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया, असे साक्षीदार लागतात. आणि आभाळ स्वच्छ असेल तर? मग एक-दोघांच्या बोलण्यावर भागत नाही, पुष्कळ लोकांना दिसायला हवा. साधा तर्क आहे. सगळे बघत असताना दोघांनाच कसा दिसला?

ही व्यवस्था गावापुरती ठीक होती. साक्षीदार समोर उभा, त्याला चार प्रश्न विचारता येतात. पण १८५५ साली हिंदुस्थानात तारयंत्र सर्वसामान्यांसाठी खुलं झालं आणि पंचाईत झाली. लांबच्या शहरातून तार आली, “चाँद दिसला.” आता ही साक्ष धरायची की नुसती बातमी? बरेलीचे अहमद रझा खान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बजावलं की तार म्हणजे साक्ष नव्हे. उलट दमास्कसचे जमालुद्दीन कासिमी यांनी १९११ साली तारेच्या बातमीवर अंमल करता येतो, हे सांगायला अख्खं पुस्तक लिहिलं. दोघेही धर्मपंडित, दोघांसमोर यंत्र एकच.

मग आला रेडिओ. आपल्या शहराचा इथे मान मोठा आहे बरं का. १९४७ साली हिंदी संस्थानांमध्ये जी पाच रेडिओ केंद्रं होती, त्यांतलं एक औरंगाबादला होतं. बाकीची हैदराबाद, म्हैसूर, त्रिवेंद्रम आणि बडोद्याला. रेडिओबद्दल पुढे अनेक उलेमांनी मधला रस्ता काढला. रेडिओवरची उडती बातमी धरायची नाही. पण जबाबदार हिलाल कमिटीने साक्षी तपासून निर्णय केला आणि तो रेडिओवरून जाहीर झाला, तर धरायचा. म्हणजे रेडिओचं काम फक्त निरोप पोचवायचं, जबाबदारी कमिटीची.

आज जगात काय चाललंय? तुर्कस्तान गणिताने आधीच तारखा ठरवतं. उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलनेही २००६ मध्ये गणिताचा मार्ग घेतला. पाकिस्तानात २०१९ मध्ये विज्ञानमंत्री फवाद चौधरी यांनी चाँदसाठी वेबसाइट आणि ॲप आणलं, तर तिथल्या उलेमांशी वाद पेटला. सौदी अरेबिया आपल्या पश्चिमेला, सूर्य तिथे आपल्यानंतर मावळतो, त्यामुळे चाँद तिथे आधी दिसण्याची शक्यता जास्त. म्हणून तिकडची ईद बहुतेकदा आपल्या आदल्या दिवशी. २०२० मध्ये केरळात २४ मेला ईद झाली आणि आपल्याकडे २५ मेला, तीही लॉकडाऊनमध्ये, घरातल्या घरात नमाज पढून.

म्हणून आखातातल्या नातेवाइकाने ‘चाँद मुबारक’चा फोटो पाठवला की इकडे घोळ होतो. फोटो खरा असतो, पण तिथला. कधी तो गेल्या वर्षीचाही असतो. फॉरवर्ड करणाऱ्याला विचारा, “तू पाहिलास?” उत्तर येतं, “ग्रुपवर आलं.” जुन्या भाषेत ही खबर झाली, शहादत नाही.

शिरखुर्मा एक दिवस आधी झाला तर फार बिघडत नाही. पण आपल्या शहरात चुकीच्या मेसेजची किंमत त्याहून मोठी असू शकते. २०२३ च्या मार्चमध्ये, रमजान चालू असताना, रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात दंगल झाली, पोलिसांच्या गाड्या जळाल्या. त्या रात्री माझ्या फोनवर जे जे येत होतं, त्यातलं एकही पाठवणाऱ्याने स्वतः पाहिलेलं नव्हतं.

त्याच वर्षाची दुसरी गोष्टही सांगतो. सरकारी यादीत बकरी ईदची सुट्टी २८ जूनला होती. चंद्राच्या हिशेबाने ईद ठरली २९ ला, आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी! राज्यात अनेक गावांतल्या मुसलमानांनी आपणहून ठरवलं, कुर्बानी त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी करू. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असतेच. पुढे २८ सप्टेंबरला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकत्र आली, तेव्हा मुंबईत मिलादचा जुलूस २९ ला निघाला आणि सरकारनेही सुट्टी २९ ला नेली. हे कुठल्या ॲपने सुचवलं नव्हतं. माणसं एकत्र बसली, बोलली, आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला.

तर मंडळी, पुढच्या वेळी फोनवर काहीही आलं, चाँदचं असो की मोहल्ल्यातल्या भांडणाचं, हनफी काझीने विचारले असते तेच प्रश्न विचारा. कुणी पाहिलं? कुठून पाहिलं? सोबत आणखी कोण होतं? उत्तर मिळेपर्यंत फॉरवर्डचं बटण दाबू नका. आणि एकोणतिसाव्या संध्याकाळी पाच मिनिटं गच्चीवर जा. हर्सूलमध्ये असाल तर तलावाकडेही जाता येईल. सूर्य बुडाला, त्याच्या आसपास जरा वर बघा. नखाएवढी कोर असते, आणि फार वेळ थांबत नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!