टीपेतला कुत्रा

टॉमस कार्लाइल आणि जेन वेल्श कार्लाइल यांच्या संसाराविषयी इंग्रजीत इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचे आम्हांस वस्तुतः काही प्रयोजन नव्हते. परंतु या साऱ्या लेखनाच्या कडेकडेने एक लहानखुरा पांढरा कुत्रा सतत धावत असतो, आणि त्याच्या मागे गेल्यास त्या घरात थोड्या निराळ्या दाराने शिरता येते.

त्याचे नाव नीरो. १८४९ च्या डिसेंबरात तो मँचेस्टरहून लंडनच्या चेल्सी भागातील चेनी रोवरच्या घरी आला. कार्लाइलच्या मते तो कदाचित मॉल्टीज आणि एरवी मिश्र रक्ताचा; प्रेमळ व चपळ, पण अंगी विशेष गुण नाही आणि शिस्त तर नाहीच नाही. एवढ्याशा जिवाला रोमन सम्राटाचे नाव का दिले असावे, हे त्याच्यासोबत चार दिवस काढलेल्यांना सांगावे लागले नसेल.

आता ज्या घरात तो आला ते घर कसे होते? यजमानांना आवाज म्हणून सहन होत नसे. शेजारचे कोंबडे आरवले तरी त्यांचे लेखन थांबे. पुढे १८५३ मध्ये त्यांनी घराच्या माथ्यावर आवाज न शिरणारी खोली बांधविली, तीही फसली. अशा माणसाच्या घरात जेनने कुत्रा आणला! तिच्या पत्रांतून दिसते ते असे, की यजमान सकाळी उदास मुद्रेने खाली आले की नीरो मागच्या पायांवर उभा राहून त्यांच्याभोवती नाचे, आणि थोर इतिहासकारांना त्याची दखल घेणे भाग पडे. वीरपुरुषांवर व्याख्याने देणाऱ्यास कुणी तरी आपल्याकडे बघायला लावी, ही गोष्ट जेनला फार महत्त्वाची वाटली असणार.

१८५० च्या आरंभी कार्लाइल बाहेरगावी असताना त्यांना एक पत्र गेले. लिहिणारा नीरो. घरातल्या बारीकसारीक वार्ता, मालकिणीची हालहवाल, सारे कुत्र्याच्या तोंडून. हस्ताक्षर अर्थात जेनचे. आपल्याकडे 'लेकी बोले सुने लागे' म्हणतात. येथे लेकीच्या जागी कुत्रा आहे आणि सुनेच्या जागी नवरा. काही वाचकांस हा निव्वळ विनोद वाटेल, काहींना दबलेली तक्रार. आम्हांस दोन्ही वाचने अपुरी वाटतात. १८५५-५६ मधील जेनची दैनंदिनी पाहावी. लेडी अ‍ॅशबर्टनकडे झुकलेल्या पतीविषयीची कडवट वेदना तिथे आडपडदा न ठेवता येते. म्हणजे सरळ बोलणे तिला जमत नव्हते असे नाही. परंतु सरळ बोलणे दैनंदिनीत राहिले, आणि पतीच्या हाती पडेल असे काही लिहायचे तेव्हा तिने कधी कधी चार पायांचा निवेदक निवडला. स्वतःचे एकही पुस्तक प्रसिद्ध न केलेल्या या लेखिकेला निवेदनाचे तंत्र किती ठाऊक होते, हे तिथे कळते.

निवेदक मात्र हट्टी निघाला. एकदा ग्रंथालयाच्या खिडकीतून त्याने थेट रस्त्यावर उडी घेतली, आणि वाचला. चोरांनीही त्याला पळविले. त्या काळच्या लंडनात कुत्री चोरून खंडणी उकळणे हा धंदाच होता. एलिझाबेथ बॅरेटचा फ्लश १८४६ मध्ये तिसऱ्यांदा चोरीस गेला तो असाच. कार्लाइल रात्री फिरायला निघत तेव्हा हा बरोबर असे. नको नको म्हणणाऱ्यांच्याच मागे कुत्री लागतात, हा अनुभव चेल्सीपुरता नसावा.

१८५९ च्या ऑक्टोबरात खाटकाची भरधाव गाडी नीरोच्या गळ्यावरून गेली. काही महिने तो कसाबसा जगला. अखेर विष देऊन त्याची सुटका करावी लागली, आणि १ फेब्रुवारी १८६० रोजी तो गेला. घरामागच्या बागेतच त्याला पुरले.

सहा वर्षांनी, २१ एप्रिल १८६६ रोजी, जेन हाइड पार्कमध्ये गाडीतून फिरत होती. सोबत दुसरे एक लहान कुत्रे होते. त्याला मोकळे सोडले, तोच एका गाडीचे चाक त्याला लागले. जेनने उतरून त्याला उचलले आणि ती पुन्हा आपल्या गाडीत बसली. बराच वेळ काही सूचना येईना म्हणून गाडीवानाने पाहिले, तेव्हा ती निष्प्राण होती. कार्लाइल त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होते.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी तिची पत्रे जुळवून त्यांना टिपा लिहिण्यात घालविली. कार्लाइलच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये फ्रूडने ती प्रसिद्ध केली आणि या संसारावरचा वाद पेटला. नीरोचे वर त्रोटकपणे दिलेले वर्णन हे कार्लाइलचेच. १९३३ मध्ये व्हर्जिनिया वुल्फने फ्लशचे चरित्र लिहिले, तेव्हा तिलाही नीरो आठवला. खिडकीतली ती उडी पक्ष्यांसाठी होती की जीव देण्यासाठी, असा खट्याळ प्रश्न तिने विचारला आहे. तोही पुस्तकाच्या शेवटी, टिपांत.