नांवाची लांबी

माणसाच्या नांवाला लांबीची अट नाहीं. संगणकांतील नांवाला मात्र ती प्रथमपासूनच आहे. या अटीचा थोडासा इतिहास आज पाहूं.

१९५७ सालीं आय्. बी. एम्. कंपनीच्या ७०४ या यंत्रासाठीं फोर्ट्रान भाषा निघाली. या यंत्राच्या स्मृतींतील एक घर ३६ बिटांचें, आणि एक अक्षर ६ बिटांचें. म्हणजे एका घरांत सहाच अक्षरें मावत. फोर्ट्रानमधील नांवही सहा अक्षरांचेंच राहिलें.

पुढें माहितीचीं कोठारें, म्हणजे डेटाबेस, आलीं. त्यांची एस्. क्यू. एल्. ही भाषा १९८६ सालीं प्रमाणित झाली, तेव्हां नांवास १८ अक्षरें मिळालीं. १९९२ च्या प्रमाणानें तीं १२८ केलीं. परंतु प्रमाण बदललें तरी जुने सांचे लगेच मोडत नाहींत. ओरॅकलच्या डेटाबेसमध्यें १९८८ सालीं पीएल्-एस्क्यूएल् ही कार्यपद्धति लिहिण्याची भाषा आली. तिच्यांतील नांवें ३० च्या आंत बसवावीं लागत, आणि १२८ ची मोकळीक २०१६-१७ सालीं १२.२ या आवृत्तीबरोबर मिळाली. मधल्या काळांत लोकांनीं स्वर गाळून, टोकें छाटून नांवें लिहिलीं. मागून काम हातीं घेणाऱ्यास तीं कोड्यांप्रमाणें सोडवावीं लागलीं.

या मोजणींत आपल्या लिपीचा प्रश्न येतो. कांहीं डेटाबेसमध्यें नामांची लांबी बाइटांत मोजतात. प्रचलित यूटीएफ्-८ पद्धतींत रोमन अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हास तीन. शिवाय काना, वेलांटी, हलंत हीं सारीं निराळीं मोजावयाचीं. ‘विद्यार्थी’ या शब्दांत अशीं दहा चिन्हें आहेत. ओरॅकलचे जुने ३० बाइट या एका शब्दांतच संपतात!

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्यें २००२ पासून ६३ बाइटांची मुभा आहे. नांव लांबलें तर तो सूचना देऊन शेपूट छांटतो, आणि काम पुढें चालू ठेवतो. तेथें देवनागरी नांव चालतेंही. पण त्या नांवाची कार्यपद्धति पायथॉन भाषेंत लिहिली, तर आंतल्या आंत तिच्या नांवांतील प्रत्येक अरोमन बाइटाच्या जागीं अधोरेषा येते, व ओळख पटविण्यास शेवटीं एक क्रमांक जोडला जातो.

यंत्राचें त्या क्रमांकावर भागतें. वाचणाऱ्या माणसाचें भागत नाहीं, आणि नांवें ठेवावयाचीं तीं त्याच्याचसाठीं. ७०४ यंत्र केव्हांच इतिहासजमा झालें; तरी नांवें मोजून-मापून ठेवण्याची त्याची संवय अद्याप आपल्या कामांत टिकून आहे.