स्टोमा असताना रोजचे जीवन: गळती थांबली की घराबाहेर पडता येते

शौच किंवा लघवी बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने पोटावर केलेल्या वाटेला स्टोमा म्हणतात. आतड्याचा कर्करोग, आतड्याला छिद्र पडणे, अडथळा किंवा अपघात ही त्याची काही कारणे. काहींचा स्टोमा काही महिन्यांनी बंद करता येतो, काहींचा कायमचा असतो. तुमचा कोणता, हे सर्जनना विचारून घ्या.

स्टोमाला स्पर्श केला तरी तो दुखत नाही. जास्त त्रास होतो तो पिशवीच्या गळतीचा. त्वचा जळजळते, वास येतो आणि माणूस एसटीचा प्रवास, लग्नकार्य, कामधंदा सगळेच टाळू लागतो.

गळती कशी टाळावी?
• पिशवीच्या चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटरच मोठे कापा. पहिले ६ ते ८ आठवडे सूज उतरत असते, म्हणून दर वेळी मोजा.
• त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल लावू नका.
• पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा.
• पिशवी सकाळी उपाशीपोटी बदला.

आहार
भाकरी-भाजी खाता येते. इलिओस्टॉमी (लहान आतड्याचा स्टोमा) असल्यास नीट चावून खा. मका, शेंगदाणे, खोबरे सुरुवातीला टाळा. अशा रुग्णांच्या शरीरातील पाणी व मीठ लवकर कमी होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओआरएस जवळ ठेवा.

काम
बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. शस्त्रक्रियेनंतर किमान ६ ते ८ आठवडे जड उचलू नका. नंतरही उसाची मोळी वाहिल्याने स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो. आधी सर्जनचा सल्ला घ्या. मांजरसुंब्यासारख्या गावातून फडावर जाताना हंगामभर पुरतील इतक्या पिशव्या सोबत न्या, कारण त्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाहीत. पिशव्या तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका.

घरच्यांसाठी
स्टोमा संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट, अंथरूण वेगळे करू नका. घरातील एकाने पिशवी बदलायला शिकावे. जखम भरल्यावर पती-पत्नीचे संबंधही ठेवता येतात. अडचण असल्यास डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?
• स्टोमा निळसर किंवा काळा पडल्यास
• पिशवीत काहीच न येता पोटात कळा, उलट्या होत असल्यास
• पातळ शौच खूप वाढून लघवी कमी झाल्यास

स्टोमाच्या काळजीचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका मोठ्या कर्करोग रुग्णालयांत भेटतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. तपासणीला जाल तेव्हा वापरातली पिशवी सोबत न्या आणि ती कशी लावता ते दाखवा. गळतीचे कारण बहुधा तिथेच सापडते.