डोळ्यात ठेवलेले औषध

डोळ्याचे पांढरे बाह्य आवरण सोलून काढले, तर आतला काळसर थर सोललेल्या द्राक्षासारखा दिसतो. लॅटिन भाषेत द्राक्षाला 'युवा' म्हणतात. त्यावरून या थराला 'युव्हिया' हे नाव पडले आणि त्याच्या दाहाला युव्हिआयटिस. संधिवात असलेल्या काही मुलांना हा विकार होतो. त्यांचा डोळा बहुधा लालही होत नाही की दुखतही नाही. मूल तक्रार करत नाही आणि दृष्टी मात्र हळूहळू जात राहते.

या दाहावर पहिले प्रभावी औषध संधिवातामुळेच मिळाले. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्णाला कॉर्टिसोन दिले. तिला मिळालेला आराम थक्क करणारा होता. १९५० साली हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लवकरच स्टेरॉइडे नेत्ररोगांतही वापरली जाऊ लागली.

पण त्यांची किंमतही लवकरच कळली. पोटातून दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यास मुलांची उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांना मोतीबिंदू होतो, हे १९६० साली दाखवले गेले. मग थेंब का घालू नयेत? थेंबांतील बरेचसे औषध अश्रूंबरोबर वाहून जाते. उरलेले डोळ्याच्या पुढच्या भागापर्यंत पोचते, मागे दृष्टिपटलापर्यंत पुरेसे जात नाही.

यातून विचार पुढे आला, की औषधाचा साठाच डोळ्यात ठेवावा. एड्सच्या रुग्णांतील दृष्टिपटलाच्या संसर्गासाठी गॅन्सिक्लोव्हिरचे असे रोपण १९९६ साली मान्य झाले होते. २००५ साली अमेरिकेत युव्हिआयटिससाठी 'रेटिसर्ट'ला मान्यता मिळाली. त्यात फ्लुओसिनोलोन हे स्टेरॉइड ०.५९ मिलिग्रॅम असते, म्हणजे प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीतील औषधाच्या एक-अष्टमांशाहूनही कमी. एवढे औषध सुमारे ३० महिने झिरपत राहते. २०१० साली युव्हिआयटिससाठी मान्य झालेले डेक्सामेथासोनचे रोपण तर सुईने सोडता येते आणि आपोआप विरघळते. त्याचा परिणाम मात्र काही महिनेच टिकतो.

शरीर वाचले, पण डोळा वाचला का? रेटिसर्टनंतर तीन वर्षांत सुमारे ७७ टक्के रुग्णांना डोळ्यातील दाब कमी करणारी औषधे लागली, ३७ टक्के रुग्णांना त्यासाठी शस्त्रक्रिया. स्वतःचे नेत्रभिंग शाबूत असलेल्या जवळजवळ प्रत्येक डोळ्यात मोतीबिंदू होतो. २५५ रुग्णांच्या एका चाचणीत रोपण आणि पोटातून घ्यायची औषधे यांची तुलना झाली. २०११ साली, दोन वर्षांनंतरची दृष्टी दोन्ही गटांत साधारण सारखीच आढळली. २०१७ साली सात वर्षांचा हिशेब आला, तेव्हा पोटातून औषधे घेणाऱ्यांची दृष्टी अधिक चांगली होती.

मुलांच्या बाबतीत हा हिशेब आणखी अवघड आहे. तीस महिने संपतात, तेव्हा मुलापुढे सारे आयुष्य असते. बालवयात मोतीबिंदू काढला, तर जवळचे-दूरचे पाहण्याची लवचीकता जन्मभरासाठी जाते. बारा वर्षांखालील मुलांसाठी रेटिसर्टची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. म्हणून निवडक, हट्टी आजारातच डॉक्टर रोपणाचा विचार करतात. २०१७ सालीच ब्रिटनमध्ये संधिवाताशी निगडित युव्हिआयटिस असलेल्या ९० मुलांवरील चाचणीत वेगळी वाट दिसली. मेथोट्रेक्सेटला अ‍ॅडॅलिम्युमॅबची जोड दिलेल्या गटात २७ टक्के मुलांत उपचार अयशस्वी ठरला; नुसत्या मेथोट्रेक्सेटच्या गटात ६० टक्के मुलांत.

औषध जवळ नेले म्हणजे ते निरुपद्रवी होते असे नाही, हा या सत्तर वर्षांचा धडा आपण वर्गात सांगू शकतो. शिक्षक म्हणून आपल्याला आणखी एक गोष्ट करता येईल. वर्गातील एखाद्या मुलाला संधिवात असेल, तर डोळा स्वच्छ दिसत असला तरी त्याची नेत्रतज्ज्ञाकडून नियमित तपासणी होते ना, हे पालकांना जरूर विचारावे.