राजाच्या ग्रहणापासून माणसाच्या कुंडलीपर्यंत

इ.स.पू. ६७१ च्या सुमारास मेसोपोटेमियात दम्की नावाच्या एका माणसाला राजवस्त्रे चढवून सिंहासनावर बसवण्यात आले. अक्कद नगरातील एका उच्च मंदिराधिकाऱ्याचा तो मुलगा. त्याला राणीही देण्यात आली. पुढे ठरल्याप्रमाणे दोघेही मरण पावले. त्यांच्यासाठी थडगे बांधले गेले, प्रेते सजवली गेली, रीतसर शोक झाला. दम्कीचा अपराध काहीच नव्हता. चंद्राला ग्रहण लागले होते, आणि त्या ग्रहणाचा अर्थ ‘राजा मरेल’ असा लावला गेला होता.

या प्रथेला इतिहासकार ‘पर्यायी राजा’ म्हणतात. ॲसिरियाचा खरा राजा एसरहद्दोन त्या काळात सुरक्षित राही. दरबारी विद्वान त्याला पत्रे लिहीत तेव्हा मायन्यात ‘राजा’ हा शब्द नसे. ‘शेतकरी’ असे लिहिले जाई. आकाशालाही कळू नये की खरा राजा कोण! निनवे येथील उत्खननात ही पत्रे हाती लागली. ज्योतिषाच्या जन्मकथेत त्यांना मानाचे स्थान आहे, कारण आकाश पाहून भविष्य सांगण्याचा एवढा जुना आणि एवढा तपशीलवार दप्तरी पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो.

या विद्वानांचा आधारग्रंथ म्हणजे ‘एनूमा अनू एन्लिल’. सुमारे ७० मातीच्या पाट्यांवर हजारो शकुन, आणि प्रत्येकाची घडण एकच: अमुक दिसले, तर तमुक होईल. चंद्रबिंबाचे चार भाग कल्पून प्रत्येक भाग एकेका प्रदेशाला वाटून दिलेला असे. ज्या बाजूने चंद्र काळवंडे, त्या प्रदेशाच्या राजाला धोका. ग्रहणाच्या वेळी गुरू आकाशात तळपत असेल, तर मात्र राजा वाचला.

येथे एक बाब विसरता कामा नये. या सगळ्या शकुनांत सामान्य माणूस कोठेच नाही. पीक, पूर, युद्ध, राजा, राज्य एवढेच विषय. शिवाय शकुन म्हणजे अटळ नियती नव्हे. तो देवांनी दिलेला इशारा होता आणि विधी करून टाळता येत असे. दम्की हा असाच एका टाळलेल्या संकटाचा हिशेब.

मग हे शास्त्र राजवाड्यातून सामान्यांच्या घरात कसे आले? उत्तर बाबिलोनच्या लेखनिकांच्या एका विलक्षण चिकाटीच्या कामात दडलेले दिसते. इ.स.पू. सातव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या शतकापर्यंत, म्हणजे जवळपास ६०० वर्षे, ते आकाशाच्या नोंदवह्या लिहीत राहिले. चंद्र कोणत्या ताऱ्याजवळ होता, कोणता ग्रह कधी उगवला, ढग होते का, आणि त्याच पाटीवर बार्लीचा भाव व युफ्रेटिस नदीची पातळी. अलेक्झांडरच्या मृत्यूची नोंदही अशाच एका पाटीवर आहे. त्या दिवशी आकाश ढगाळ होते, हेसुद्धा तेथे टिपलेले आहे.

एवढ्या नोंदी साचल्या की त्यांतून क्रम दिसू लागतो. २२३ चांद्रमासांनी, म्हणजे १८ वर्षांहून थोड्या अधिक काळाने, ग्रहणे त्याच क्रमाने परततात हे त्यांना उमगले. आता ग्रहण आधीच मांडता येऊ लागले. जे गणिताने येते, त्याला देवांचा अकस्मात कोप कसे म्हणावे? शकुनाचे जुने वजन यामुळे कमी झाले असावे. मात्र आकाश अर्थपूर्ण असल्याची श्रद्धा मेली नाही. तिने आपला मुक्काम हलवला. इ.स.पू. पाचव्या शतकात सूर्यमार्गाचे ३० अंशांचे १२ समान भाग पाडले गेले, आणि याच शतकातील, इ.स.पू. ४१० च्या, सर्वांत जुन्या ज्ञात जन्मपत्रिका आज उपलब्ध आहेत. त्यांत मुख्यतः जन्मवेळच्या ग्रहस्थितीची यादी आहे, भाकिते जेमतेम आहेत. लग्न तर नाहीच.

लग्न, म्हणजे जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी राशी, ही ग्रीकभाषक इजिप्तमधील भर. बाबिलोनी राशी आणि ग्रीक भूमिती यांची तेथे सांगड बसली आणि आज ओळखीची असलेली बारा स्थानांची कुंडली घडली. इ.स.च्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने ‘टेट्राबिब्लॉस’ लिहिला तोवर ही पद्धत प्रौढ झाली होती.

भारतात त्यापूर्वी ज्योतिष नव्हते काय? निश्चितच होते, पण ते निराळे होते. ‘वेदांग ज्योतिषा’चा विषय यज्ञासाठी कालगणना हा आहे. त्यात २७ नक्षत्रे आहेत, तिथी आहेत. मेष ते मीन या राशी नाहीत, कुंडली नाही, वारही नाहीत. जन्मकुंडलीचे शास्त्र संस्कृतात अवतरते ते ‘यवनजातक’ या ग्रंथातून, आणि ‘यवन’ म्हणजे ग्रीक. डेव्हिड पिंग्री यांनी या ग्रंथाचा काळ इ.स. २६९-७० असा ठरवला होता. अलीकडे बिल माक यांनी हस्तलिखितांचे पुनर्वाचन करून ती तारीख सैल केली. पहिल्या शतकापासून सातव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती कोठेही पडू शकते, असे त्यांचे म्हणणे आहे. तारीख बदलली तरी उगमाची दिशा बदलत नाही, कारण साक्ष भाषेतच आहे. होरा, द्रेष्काण, पणफर, आपोक्लिम, जामित्र हे शब्द संस्कृत व्याकरणाने नीट उलगडत नाहीत, ग्रीकमधून सहज उलगडतात. ‘केंद्र’ हा शब्दही ‘केंत्रोन’, म्हणजे टोचणारे टोक, यावरून आला. आज मराठी माणूस ‘केंद्र सरकार’ म्हणतो तेव्हा नकळत एक ग्रीक शब्द उच्चारतो.

वारांची कथा तर याहून रोचक आहे. शनिवारनंतर रविवार आणि मग सोमवारच का? आकाशात मंद गतीपासून शीघ्र गतीकडे ग्रह लावले तर क्रम होतो शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या २४ होरांना हे अधिपती ओळीने द्यावेत आणि पहिल्या होरेचा अधिपती तोच दिवसाचा अधिपती मानावा. शनीपासून मोजल्यास पंचविसावी होरा रवीची येते, तेथून पुढची पंचविसावी चंद्राची, मग मंगळाची. हाच आपला आठवडा! होरांचे हे २४ भाग इजिप्तमधून आलेले. भारतात वारासह तारीख देणारा सर्वांत जुना ज्ञात शिलालेख मध्य प्रदेशातील एरण येथील, बुधगुप्ताच्या काळातील, इ.स. ४८४ चा; वार गुरुवार.

या देवाणघेवाणीची प्राचीनांना लाज नव्हती. सहाव्या शतकातील वराहमिहिर ‘बृहत्संहिते’त स्पष्ट नोंदवतो की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात सुप्रतिष्ठित आहे आणि म्हणून ते ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात. सारे काही येथेच जन्मले असा आग्रह धरणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य वाचावे. मात्र ‘सगळे उसने’ हेही खरे नाही. नक्षत्रांवर आधारलेल्या दशा, राहू-केतूंना मिळालेला ग्रहांचा दर्जा, नवांशाचा बारीक विस्तार, ही कुंडलीला दिलेली भारतीय घडण आहे.

वराहमिहिराचीच आणखी एक गोष्ट. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे होते, राहू चंद्राला गिळत नाही, हे तो युक्तिवादासह सांगतो. त्याच अध्यायात पुढे ग्रहणाची राजांवर आणि प्रदेशांवर होणारी फळे येतात. एका बुद्धीत गणित आणि शकुन शेजारी नांदत होते. हजार वर्षांनंतर केप्लरचेही तेच. ग्रहगतीचे नियम शोधणारा हा गणिती वॉलनस्टाइन या सेनानीची पत्रिकाही मांडत होता. सतराव्या शतकात युरोपात हे शेजारीपण तुटले. पृथ्वी विश्वाच्या मध्यातून ढळली, ग्रहांच्या गतीला भौतिक कारण मिळाले, आणि फलादेशाला त्या नव्या यंत्रणेत जागा उरली नाही.

घरातलीच एक अडचणही सुटलेली नाही. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भ्रमणामुळे विषुवबिंदू सरकतो. पाश्चात्त्य ज्योतिषी सायन राशी धरतात, भारतीय निरयन. दोहोंत आज सुमारे २४ अंशांचे अंतर आहे. परिणामी एकाच मुलाची सूर्यरास बहुधा दोन पद्धतींत दोन निघतात, आणि दोन्ही ठिकाणी ‘वर्णन तंतोतंत जुळले’ असे सांगणारे भेटतात. असे का होते याचा उलगडा मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून होतो. त्यांनी वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला ‘खास तुझे’ म्हणून स्वभाववर्णन दिले. पाचपैकी सरासरी चारांहून अधिक गुण विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला दिले. मजकूर सर्वांना एकच होता, आणि बहुतांशी ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला.

तरीही ‘आमची पत्रिका तपासून तर पाहा’ हा आक्षेप रास्त होता, आणि तो पुण्यात गांभीर्याने घेतला गेला. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या कुंडल्या घेतल्या. १०० मुले हुशार विद्यार्थी, १०० मतिमंद. कोणती कुंडली कोणाची, हे गुप्त ठेवले. प्रत्येक ज्योतिष्याला ४० कुंडल्या देऊन मूल कोणत्या गटातील एवढेच विचारले. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून सरासरी २० बरोबर येतात. सर्वोत्तम ज्योतिष्याचे २४ आले. सर्वांची सरासरी ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली. जन्मभराची इतकी ठळक बाब जर कुंडलीत दिसत नसेल, तर ‘मंगळ आहे’ म्हणून मोडणाऱ्या स्थळांचे समर्थन कशाने करायचे, हा प्रश्न त्या आकड्यांनी उभा केला. त्याआधी, २००१ साली, विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले होते. वैज्ञानिकांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००४ साली याचिका फेटाळली गेली. अभ्यासक्रम चालवणे कायदेशीर ठरले. फलादेश खरा ठरतो की नाही, हा निराळाच प्रश्न होता.

आणि बाबिलोनच्या त्या पाट्या? त्या आधुनिक विज्ञानाने टाकून दिल्या नाहीत. इ.स.पू. १३६ च्या १५ एप्रिलला बाबिलोनमध्ये सूर्य पूर्ण झाकला गेला आणि दिवसा ग्रह-तारे दिसले, अशी नोंद त्यांत आहे. पृथ्वी आजच्याच वेगाने सतत फिरत आली असती, तर ते खग्रास ग्रहण बाबिलोनमध्ये न दिसता हजारो किलोमीटर पश्चिमेला दिसले असते. अशा नोंदींवरून रिचर्ड स्टीफन्सन आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: पृथ्वीचा दिवस दर शतकाला सुमारे १.८ मिलिसेकंदांनी लांबतो आहे. ग्रहण पाहणाऱ्या लेखनिकाला राजाची चिंता असेल. त्याने टिपलेली वेळ मात्र आजही गणितात वापरली जाते.