मुक्याचा रकाना

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं आणि मातीखालून दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. आमचं कोंढा याच पवनी तालुक्यातलं. एम.ए.ला इतिहास घेतला तेव्हा त्या कोरलेल्या नावांचं मला फार अप्रूप होतं. पुढे माझा मुलगा बाबू अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा वेगळाच प्रश्न छळू लागला. इतक्या काळात या वैनगंगेच्या खोऱ्यात न बोलणारी लेकरं जन्मली असतीलच. त्यांची नोंद कुठे असेल?

शोधता शोधता सापडला तो जनगणनेतला एक रकाना.

१७ फेब्रुवारी १८८१च्या रात्री इंग्रज सरकारनं देशभर एकाच वेळी माणसं मोजली. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. नाव, वय, जात आणि धंदा विचारून झाला की शेवटी व्यंगाचा प्रश्न असे. घरात कोणी वेडा आहे का, दोन्ही डोळ्यांनी आंधळा आहे का, महारोगी आहे का, जन्मापासून मुका-बहिरा आहे का? चारच उत्तरं, आणि त्यांतलं एकही लागू नसेल तर रकाना कोरा. १९३१पर्यंत दर दहा वर्षांनी हाच प्रश्न विचारला गेला.

माझ्या मुलाला यातल्या कुठल्या रकान्यात बसवलं असतं? नावानं हाक मारली तर तो वळून बघत नसे. म्हणून आधी आम्हालाही तो बहिराच वाटला. पण स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा फोडला की अंगणातून धावत येई. नागपूरला नेऊन त्याला झोपवून कानांची बेरा तपासणी केली. कान उत्तम असल्याचा कागद हातात पडला. १८८१चा मोजणीदार आमच्या दारात आला असता, तर तो कागद नव्हता म्हणून बाबू 'मुका-बहिरा' ठरला असता.

आमच्या घरात ही वेळ खरोखर आली होती. माझ्या आजेसासऱ्यांचे थोरले भाऊ, ज्यांना घरात अजूनही मोठे आबाजी म्हणतात, १९३१ साली सहा वर्षांचे होते. फेब्रुवारीतली ती मोजणीची रात्र. धान कधीच घरात आलेलं, बांध्यांमध्ये लाखोळी उभी. कंदील घेऊन मोजणीदार दारात आला. पोरगा बोलत नाही हे त्याला गावातून कळलंच होतं, म्हणून त्यानं 'मुका-बहिरा' लिहायला घेतलं. तेव्हा त्यांची आई चौकटीत आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "बहिरा नाही जी, आयकते सारा. बोलत नाही एवढंच." रकाना कोरा राहिला. त्या काळच्या घरोघरच्या चिठ्ठ्या कोणी जपल्या नाहीत, जिल्ह्याचे आकडे तेवढे उरले. आकड्यांत त्या बाईचं वाक्य नाही. ते आमच्या सासूबाईंच्या तोंडी उरलं आहे.

मोठे आबाजी गावच्या ढोरक्यासोबत रानात जात. संध्याकाळी कळप परतला की न मोजता, नुसती नजर फिरवून कुठलं ढोर मागे राहिलं ते त्यांना कळे. बोलून सांगत नसत. ज्याचं ढोर त्याच्या दारात जाऊन उभे राहत. घरधनी समजून जाई आणि दोरी घेऊन निघे. धानाचं पुंजनं रचायलाही त्यांना बोलावणं येई, कारण पेंढ्यांची तोंडं ते एका रेषेत लावत. एखादी उलटी पडली तर ओरडत, सगळा थर काढून पुन्हा रचत. लोक चिडत, थांबत, आणि पुढल्या वर्षी पुन्हा त्यांनाच बोलावत. त्यांना आज मी कुठलंही निदान चिकटवणार नाही. तपासायला माणूसच उरला नाही. पण ओट्यावर आमचा बाबू घरातल्या सगळ्यांच्या चपला ओळीनं लावतो आणि कामावर गेलेल्या बापाच्या चपलांची जागा मोकळी सोडून तिथेच बसून राहतो, तेव्हा सासूबाई पदर डोळ्याला लावतात. "आबाजीच बसले आहेत," म्हणतात.

जगात बाबूच्या या अवस्थेला नाव मिळालं तेही आबाजींच्याच काळात. 'ऑटिझम', म्हणजे स्वमग्नता, हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या आपल्या पुस्तकात वापरला, पण तो मोठ्या माणसांच्या दुसऱ्याच आजाराच्या एका लक्षणासाठी. आपल्याकडे पुढच्याच वर्षी वेड्यांचा कायदा झाला आणि त्याच्या व्याख्येत मतिमंद आणि वेडा एकाच ओळीत बसवले गेले. मुलांचं वेगळं वर्णन सोव्हिएत रशियातल्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५-२६मध्ये केलं, पण ते बरीच वर्षं फारसं कोणी वाचलं नाही. अखेर १९४३मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर निबंध लिहिला आणि नाव रुजलं.

त्या अकरांतला पहिला मुलगा डोनाल्ड, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावचा. त्याच्या वडिलांनी कॅनरना ३३ पानांचं पत्र पाठवलं होतं. मूल काय खातं, काय फिरवत बसतं, कुठले शब्द पुन्हा पुन्हा म्हणतं, सारं त्यात होतं. या विद्येची सुरुवात एका बापाच्या निरीक्षणातून झाली, हे वाचलं त्या दिवशी मी शंभर पानी वही आणली.

पुढे डोनाल्डला एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. तो मक्याच्या ओळी सारख्या मोजत बसे, तर त्यांनी त्याला नांगर देऊन नांगरता नांगरता ओळी मोजायला लावलं. सारखी मोजमापं घेई, तर विहीर खणायला लावून तिची खोली सांगायला लावली. मोठेपणी तो बँकेत नोकरीला लागला, गावानं त्याला आपला मानलं, आणि २०२३ साली तो वारला तो त्याच गावात. हे वाचताना मला आमचा ढोरकी आठवला. त्याला कुठलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण या पोराला काय जमतं ते त्यानं हेरलं होतं.

पण याच इतिहासाची एक बाजू मला अजूनही झोंबते. नाव मिळालं आणि लगेच दोषी शोधणं सुरू झालं. खुद्द कॅनर यांनी आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहिलं, आणि पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकात आईच्या नाकारण्यामुळे मूल असं होतं हा समज जगभर नेला. तिकडे आईला बर्फासारखी ठरवलं, इकडे मला विचारलं गेलं की ग्रहणात भाजी चिरली होती का. दिवसभर मोबाइल देते म्हणून, नोकरीला जाते म्हणून, घरात कोणी त्याच्याशी बोलतच नाही म्हणून, अशी कारणं रोज दारात येत. एका डॉक्टरांनी तर न तपासताच सांगितलं, मुलगे उशिराच बोलतात, वर्षभर थांबा. ते वर्ष माझ्या बाबूच्या वाट्यातून गेलं.

या दोषारोपाचं उत्तरही एका बापानं दिलं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा स्वतःचा मुलगा असाच. हा दोष आईच्या वागण्याचा नसून मेंदूच्या घडणीचा आहे, हे त्यांनी १९६४च्या पुस्तकात मांडलं. १९७७मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या, तेव्हा आनुवंशिकतेचा हात स्पष्ट दिसला. मी ही माहिती मराठीत लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवली आहे. येणारे-जाणारे वाचतात.

त्याच १९६४ साली पुण्यात सिंधुताई जोशी यांनी विशेष मुलांसाठी 'कामायनी' ही शाळा सुरू केली होती. त्याआधी वीस वर्षं, १९४४मध्ये, मुंबईत वकील दांपत्यानं आपल्या मुलीसाठी शाळा काढली, तीच पुढे जय वकील शाळा म्हणून वाढली. अशी दारं शहरात उघडत होती. कोंढ्यात तेव्हा उपाय म्हणजे वेखंड उगाळून जिभेला लावणं, शंखातलं पाणी पाजणं, पोपटानं टोचलेला पेरू चारणं. त्या बायांना मी हसत नाही. दुसरं काही हाताशी नसताना त्यांनी प्रयत्न सोडला नाही. माझ्याही बाबूला पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घातला आहे आणि त्याला तो आवडला.

सरकारी कागदाला मात्र फार वेळ लागला. स्वातंत्र्यानंतर व्यंगाचा प्रश्न बराच काळ विचारलाच गेला नाही. तो परतला १९८१च्या घरयादीत, अपंग वर्षाच्या निमित्तानं, पूर्ण आंधळे, पूर्ण पंगू आणि पूर्ण मुके असा. मोठे आबाजी तेव्हा पंचावन्नच्या पुढे होते आणि त्यांची आई कधीच गेली होती. मोजणीला दारात आलेल्या गुरुजींना उत्तर द्यायला घरात होत्या नव्या सुनबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी "मुके" म्हणून सांगितलं. पन्नास वर्षं कोरा राहिलेला रकाना असा भरला गेला. हे सांगताना त्यांचा आवाज आजही खाली जातो.

१९९५च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. ती आली १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, आणि पूर्ण हक्कानं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, २१ प्रकारांपैकी एक म्हणून. प्रमाणपत्रासाठी आता ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी आहे, ७० किंवा त्याहून जास्त गुण आले की स्वमग्नता धरतात. २०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, आणि त्याच्या यादीत उशिरा बोलणं आणि स्वमग्नता दोन्ही आहेत. आमच्या बाबूला चिठ्ठी मिळाली ती अशाच एका तपासणीत. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या एकच शब्द होता, तिथे अंगणवाडीताईंच्या रजिस्टरात दुसरा शब्द लिहिला गेला. माझ्या लेखी हा दिवस स्तूप सापडल्याच्या दिवसाइतकाच मोठा आहे.

बाबू आता पाच वर्षांचा आहे. चित्रांची कार्डं दाखवून पाणी, भात, झोका मागतो. वाचा-उपचाराच्या ताई 'पाणी' शिकवतात, घरात सगळे 'पानी' म्हणतात. बाबूनं 'पानी' उचललं, आणि ताईंनीही ते राहू दिलं. घरात जी बोली आहे तीच लेकराच्या जिभेवर आधी चढायची.

वहीत एक नोंद फार दिवस अडली होती. फाट्यावरचे गाडीवाले सवारी गोळा करताना "पवनी-पवनी-पवनी" ओरडतात. बाबू तेच, त्याच सुरात, दिवसभर म्हणायचा. पाहुण्यांना वाटे, उगाच बडबडतो. मी वेळ लिहायला लागले. सकाळी भावंडं शाळेला निघाली की म्हणतो. बापानं गाडीची किल्ली उचलली की म्हणतो. सणाला घर माणसांनी भरलं आणि गोंगाट वाढला की म्हणतो. बावीस नोंदी झाल्यावर मला अर्थ लागला. त्याला पवनीला जायचं नसतं, त्याला बाहेर जायचं असतं. वाक्य त्यानं फाट्यावरून उसनं आणलं होतं आणि आम्ही ते समजून घ्यावं म्हणून दीड वर्ष वाट बघत होता.

२०११च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ रकाने होते, आणि स्वमग्न लेकरांना त्यांतही स्वतःचा नव्हता. 'इतर'मध्ये जा किंवा 'मतिमंद'मध्ये. आता पुन्हा मोजणी होईल, आणि कोणी गुरुजी किंवा ताई आमच्याही ओट्यावर येतील. रकाना असो नसो, मी त्यांना आधी बसवीन, चहा देईन आणि मग वही उघडीन. सासूबाई शेजारी बसणार म्हणून आत्तापासून सांगून ठेवतात. या वेळी उत्तर त्यांना द्यायचं आहे.

हे लिहीत असताना मागून "पवनी-पवनी" ऐकू आलं. ओट्यावर चपलांची ओळ लागलेली आहे आणि त्यात माझ्या चपला दाराकडे तोंड करून ठेवल्या आहेत. मी उठते.